बोगद्यातले काळे कोनाडे

शिवणघरातल्या मुली तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘उसवबाई’. कोणी कॉलर लावून दाखवली, बाही जोडून दाखवली, की ती कापड खिडकीकडे धरी, उलटं करी, शिवणीवरून आतून नख फिरवी आणि एकच शब्द बोले, "उसव." काम चांगलं झालं असेल तर काहीच बोलत नसे, त्यावरून काय ते समजायचं. इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांचे कोट, बसवाहकांचे सदरे, शाळांचे गणवेश असं ठोक काम तिच्याकडे येई. हार्डवेअरच्या दुकानामागची लांबट खोली, ओळीने मांडलेली मशीनं, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि टोकाला तिचं टेबल. टेबलावर खडू, टेप, मशीनचे स्क्रू आवळायचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणि उसवलेले दोरे वेचायला एक चिमटा.

वय सत्तरीच्या घरात आलं तरी तिच्या रागाचं वय झालं नव्हतं. वायरमनने बोर्ड बसवून वायर लोंबकळत ठेवली, नळवाल्याने खणलेली फरशी तशीच सोडली, की तिच्या अंगाचा तिळपापड होई. रस्ता खोदून गेलेल्या माणसांना तिने एकदा पालिकेच्या कचेरीतून परत आणलं होतं आणि खड्डा बुजेपर्यंत समोर खुर्ची टाकून बसली होती. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, आमच्या घरी दोन मशीनं चालतात, त्यातल्या एकीला तेल घालावं लागत नाही.

हा राग कुठून आला, हे धाकट्या भावाला ठाऊक होतं. केस पिकले, वीजमंडळातून मीटर वाचता वाचता निवृत्त झाला, तरी घरात त्याला बारक्याच म्हणत. स्वभावाने तो बहिणीच्या अगदी उलट. जगात भांडण्यासारखं फारसं काही नाही आणि जे आहे ते ताई एकटी भांडतेय, असं त्याचं मत.

राग बाबांचा होता. म्हणजे बाबांवरचा.

बाबा रेल्वेत चुनेवाले होते. डोंगरातून जाणाऱ्या लांब बोगद्यात दोन्ही भिंतींना ठरावीक अंतरावर कोनाडे होते, माणूस अंग चोरून उभा राहील एवढे. आत काम करणाऱ्याला गाडीची चाहूल लागली की जवळच्या कोनाड्यात शिरायचं आणि भिंतीला पाठ लावायची. इंजिनं वाफेची. त्यांच्या धुराने भिंती काजळून जात आणि कंदिलाच्या उजेडात कोनाडा कुठला नि भिंत कुठली ते कळत नसे. म्हणून प्रत्येक कोनाड्याला चुन्याची चौकट मारायची, हे बाबांचं काम. बादली, कुंचा आणि कंदील घेऊन ते एका तोंडातून आत शिरत. दुसऱ्या तोंडाशी पोचेपर्यंत पहिले कोनाडे पुन्हा काळवंडलेले असत. आई म्हणायची, तुमची नोकरी कधी जायची नाही, कारण तुमचं काम कधी व्हायचं नाही.

पण नोकरी गेली. ती चौथीत असताना बोगद्यात गाडीखाली एक माणूस सापडला. तो नेहमीच्या टोळीतला नव्हता. आजारी माणसाच्या जागी त्याला दुसऱ्या भागातून बदलीवर धाडलं होतं. कोनाड्याच्या पुढे, भिंतीलगत तो पडला होता. निवाऱ्याची जागा ओलांडून हा पुढे का गेला, असा प्रश्न निघाला. चौकशीला साहेब आले, ट्रॉलीत बसून आत जाऊन आले आणि त्यांना उत्तर मिळालं. तो कोनाडा पांढरा नव्हताच. काळा ठिक्कर होता.

स्टेशनातल्या कचेरीच्या खिडकीखाली ती आईचा पदर धरून उभी होती. आत साहेबांनी विचारलं, या कोनाड्याला चुना लावला होता का? बाबा म्हणाले, नाही. साहेबांनी विचारलं, का नाही? यावर बाबा काही बोलले नाहीत. साहेबांनी पुन्हा विचारलं. टोळीचा मुकादम शेजारीच उभा होता, तो जमिनीकडे बघत राहिला. हयगयीचा ठपका ठेवून बाबांना काढलं आणि क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. हातगाडीवर भांडी, गाद्या आणि वर ती, मांडीत बारक्या, अशी त्या घराची शेवटची आठवण. नव्या शाळेत बातमी तिच्याआधी पोचली होती. चुनेवाल्याने रेल्वेला चुना लावला, असं पोरं मधल्या सुट्टीत ओरडत. एकाचे तिने दात पाडले. ते दुधाचे असल्यामुळे प्रकरण वाढलं नाही.

त्यानंतर बाबांनी कुंचा हातात धरला नाही. लाकडाच्या वखारीत ओझी उचलली. म्हातारपणी ते तिच्या शिवणघरात येऊन बसत, जमिनीवर पडलेले दोरे गोळा करत. एकदा एका मुलीने खिसा अर्धा शिवून जेवायला धाव घेतली, तेव्हा तिने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की अर्धवट सोडायचं तर घरी बसा, एका माणसाने अर्धवट सोडलं त्याचं आम्ही अजून भरतोय. बाबा तिथेच होते. त्यांनी मान हलवली, जशी कोणी बरोबर हिशेब सांगितल्यावर हलवतात, आणि दोरे गोळा करत राहिले.

ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवी लाइन डोंगराला वळसा घालून गेली, बोगदा बंद पडला, वटवाघळांच्या ताब्यात गेला. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की हा जुना बोगदा लोकांना दाखवावा. आत दिवे लावले, चालायला लाकडी फळ्या टाकल्या, तिकीट ठेवलं. बारक्याने दोन तिकिटं काढली आणि ताईला न विचारता सांगून टाकलं, की रविवारी जायचं आहे. ती म्हणाली, मेलेल्याची कवटी बघायला मी जात नाही. तो म्हणाला, "मग मी एकटा जातो. तू तिकीट फुकट गेलं म्हणून आठवडाभर माझ्यावर चिडशील, ते सोसतो."

ती गेली.

तोंडाशी सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या. गाईड म्हणून एक तरुण मुलगी होती. इंजिनिअर होती, जुन्या बांधकामांचा अभ्यास केला होता आणि बोलायची चांगली. तिने उसवबाईला टोपीचा पट्टा बांधायला मदत करत म्हटलं, "आजी, सावकाश चला हं, आत ओल आहे."

"मी तुझी आजी नाही. आणि मी इथे तुझ्या जन्माआधी अनवाणी चालले आहे."

बारक्याने डोळ्यांनीच मुलीची माफी मागितली.

आत शिरल्यावर मुलीने बोगद्याची कुळकथा सांगायला सुरुवात केली. डोंगर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पोखरला होता. शिवाय मधोमध माथ्यावरून एक विहीर खाली खणली आणि तिच्या तळापासूनही दोन्हीकडे खणत गेले. म्हणजे चार टोळ्या अंधारात एकमेकींच्या दिशेने. मग दिशा कशी राखायची? विहिरीतून दोन तारा खाली सोडल्या, टोकाला जड वजनं बांधली आणि ती वजनं तेलाच्या बादल्यांत बुडवून ठेवली, म्हणजे तारा डुलणार नाहीत. वर उन्हात त्या दोन तारा ज्या रेषेत, तीच रेषा खाली काळोखात. एवढ्याशा दोन तारांमधल्या अंतरावरून अख्ख्या डोंगराची दिशा धरायची. चूक व्हायला एक वाऱ्याची झुळूक पुरे. झालीही. दोन टोळ्या समोरासमोर आल्या तेव्हा वीतभर फरक पडला होता आणि भिंत तिथे हळूच वळवून घ्यावी लागली होती. मुलीने दिवा मारून ते वळण दाखवलं.

उसवबाईने मान तिरकी करून बघितलं. तिच्या व्यवसायात याला फुगा खेचून घेणं म्हणतात. दोन बाजू जुळल्या नाहीत, की जास्तीचं कापड थोडं थोडं करून शिवणीत पचवायचं. कामगारांनी सफाईने केलं आहे, असं तिला वाटलं, पण ती बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे शाबासकी, हे इथे कोणाला माहीत नव्हतं.

पुढे मुलगी म्हणाली की सगळा खडक सारखा नव्हता. मधे एक पट्टा चुरा झालेल्या दगडाचा लागला. त्यातून पाणी असं सुटलं, की खणलेलं आठवडाभरात पुन्हा बसे. माणसं गेली त्यात. किती, ते धड कोणी लिहून ठेवलं नाही. शेवटी तिथे विटांचं जाड अस्तर बांधलं, एकावर एक विटांची कडी, सांधे चुन्याचे. पाणी थांबलं नाही, पण बोगदा टिकला. पाणी विटांच्या सांध्यांतून झिरपत राहिलं, येताना सांध्यातला चुना विरघळवत आलं आणि भिंतीवर पसरून वाळलं. त्यामुळे या पट्ट्यात भिंतीवर पांढरे थर चढले आहेत. कुठे पडद्यासारखे, कुठे मोठमोठाले डाग.

असं म्हणत ती थांबली. इथे तिचा एक खेळ ठरलेला होता. तिने सगळ्यांना फळ्यांच्या कडेला उभं केलं, दिवे बंद केले आणि एक जुना कंदील पेटवला. मग म्हणाली, समजा तुम्ही इथे काम करताय, मागून गाडी येतेय, इंजिनाचा धूर पुढे आलाय. जवळचा कोनाडा कुठे आहे? पळा.

लोक हसले. दोघातिघांनी समोर हात दाखवला. कंदिलाच्या उजेडात तिथे भिंतीवर एक उभा पांढरा पट्टा दिसत होता, माणसाएवढा. बारक्याला असल्या खेळात पहिला नंबर लागतो. तो दोन उड्यांत तिथे पोचला, अंग चोरून शिरायला गेला आणि त्याचा हात भिंतीवर आपटला. कोनाडा नव्हता. ओली भिंत होती आणि चुन्याचा डाग.

"काका मेले," एक मुलगा म्हणाला. हशा पिकला. बारक्याही हसला.

मुलीने कंदील अलीकडे, काही पावलं मागे नेला. तिथे खरा कोनाडा होता. त्याच्या कडेने काळी चौकट होती, वितीएवढी रुंद, सरळ रेघेत. ती म्हणाली, बाकी सगळ्या बोगद्यात कोनाड्यांना चुना आहे. पण या पट्ट्यात भिंतच पांढरी. पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? उलट जिथे डाग तिथे माणूस धावणार. म्हणून या ओल्या पट्ट्यातले कोनाडे डांबराने काळे केले. आम्ही काजळी धुवायला घेतली तेव्हा बाकीचं सगळं निघालं आणि हे काळं निघेना, तेव्हा कळलं की ही काजळी नाही, डांबर आहे, मुद्दाम लावलेलं. मग तिने दिवे लावले आणि शेजारचा बोर्ड दाखवला. छान पितळी बोर्ड होता. त्यावर लिहिलं होतं, ‘अभियंत्यांच्या दूरदृष्टीचा नमुना.’

बारक्या रुमालाने हात पुसत होता. त्याने ताईकडे पाहिलं तर ती जागेवर नव्हती. ती कोनाड्यासमोर गुडघे टेकून बसली होती. गुडघे दुखतात म्हणून जी दोन वर्षं जमिनीवर बसली नव्हती, ती.

डांबराची चौकट जमिनीपर्यंत आली नव्हती. दोन्ही बाजूंना, खाली चार बोटं भिंत कोरी सोडली होती.

त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीही अशाच होत्या. बाबा घराला चुना द्यायचे तेव्हा तळाशी चार बोटं सोडायचे. कुंचा जमिनीला लागला की त्यात माती येते, आणि मातीचा कुंचा पुढच्या भिंतीवर रेघोट्या ओढतो, असं त्यांचं म्हणणं. आई दरवेळी म्हणायची, "जमीन काय चावते का तुम्हाला?" त्या चार बोटांवरून घरात दर वर्षी भांडण. आणि दुसरं भांडण कपड्यांवरून. एका हिवाळ्यात बाबांच्या सदऱ्यांवर डांबर येऊ लागलं होतं. आई रॉकेलच्या बोळ्याने घासायची आणि करवादायची, चुनेवाल्याशी लग्न लावलं म्हणाले होते, हा डांबरवाला कुठून आला. बाबा म्हणत, पुलाच्या लोखंडाला लावायचं होतं त्यातलं उरलंय, मुकादमाने दिलंय. याहून जास्त सांगत नसत. तो वास तिच्या नाकात इतकी वर्षं होता. कशाचा वास, ते कधी तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

ती उठली, बारक्याच्या खांद्याला धरून. मुलीला विचारलं, कोणत्या अभियंत्याने?

मुलगी म्हणाली, तसं नाव सापडलेलं नाही, पण असे निर्णय वरूनच होतात.

"वरून होतात," उसवबाई म्हणाली. "वरून आलेल्या माणसाने हे बघितलं आणि काजळी म्हणाला. यापायी एका माणसाची नोकरी घालवली त्याने. घर काढून घेतलं. कोनाडा पांढरा नव्हता, म्हणून. आणि आता तोच काळा कोनाडा पितळेत बसवून तुम्ही वरच्यांच्या नावावर लावलात. माझा बाप होता तो."

तिचा आवाज चढला नव्हता, पण बोगद्यात साधा आवाजही लांब जातो. तिने चार बोटांचं सांगितलं, डांबराच्या सदऱ्यांचं सांगितलं, कचेरीच्या खिडकीचं सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. तिने बाकीच्यांना पुढे जायला सांगितलं आणि मोबाइलच्या उजेडात चौकटीचा खालचा भाग पुन्हा बघितला. मग शेजारचा काळा कोनाडा बघून आली. तिथेही चार बोटं.

बारक्याचा चेहरा उजळला होता. "ताई, म्हणजे बाबांनी हयगय नव्हती केली. अगं, उलट डोकं लावलं होतं. आपण उगाच... बाबांनी सांगितलं का नाही मग? एक शब्द बोलले असते तर!"

तिच्याही मनात तेच होतं, फक्त रागाने. साठ वर्षांचा राग एका झटक्यात जागा बदलत होता आणि तिला त्याला बसायला नवी जागा सापडत नव्हती. साहेबांवर राग. जमिनीकडे बघणाऱ्या मुकादमावर राग, ज्याने डांबर दिलं आणि तोंडाला कुलूप घातलं. आणि पुन्हा बाबांवरच, की का नाही लावला विचारल्यावर ‘डांबर लावलंय म्हणून’ असे तीन शब्द त्यांना बोलता आले नाहीत. त्या तीन शब्दांपायी तिचं बालपण मारामाऱ्यांत गेलं. बारक्याचा हात धरून तिला हे सगळं ओकायचं होतं. तिने हात धरला आणि थांबली.

त्याच्या तळव्याला पांढरं लागलं होतं. रुमालाने पुसूनही रेषांत राहिलं होतं.

तिने वळून त्या उभ्या पांढऱ्या डागाकडे बघितलं. मग अलीकडच्या काळ्या कोनाड्याकडे. बदलीवाला कोनाडा ओलांडून पुढे गेला होता, भिंतीलगत पडला होता. काळं म्हणजे निवारा, हे टोळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असणार. बाबांनी सांगितलं असणार, मुकादमाने सांगितलं असणार. पण तो टोळीतला नव्हता. तो जिथून आला तिथे पांढरं म्हणजे निवारा होता. तो पांढऱ्याकडे धावला. जसा बारक्या धावला, जशी आता हसणारी माणसं धावली असती.

काळं करण्याची परवानगी कोणी दिली नव्हती, दिली असती तर साहेबांनी ‘का नाही’ असं विचारलंच नसतं. कोणाला विचारलं नव्हतं, कुठे लिहून ठेवलं नव्हतं. दोघांनी आपापसांत ठरवलं, टोळीला सांगितलं आणि नव्या माणसाला सांगायचं राहून गेलं. का नाही लावला, या प्रश्नाला बाबांकडे उत्तर होतं. फक्त त्या उत्तराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मरून पडला होता.

त्यांनी कामचुकार म्हणवून घेणं पसंत केलं.

हे तिने बारक्याला सांगितलं ते बाहेर आल्यावर, तिकीटखिडकीशेजारच्या बाकावर, दोघांच्या हातांत चहाचे कप असताना. त्याने कपातला चहा फुंकला. मग हळूच म्हणाला की हे त्या मुलीला सांगायची काही गरज नाही. चार बोटं बघून तिला पटलंच आहे. ती वर लिहील, बोर्ड बदलतील, बाबांचं नाव लागेल. बाबांनी काळं केलं हे खरंच आहे ना? मग झालं. पुढचं उकरून काढायचं कशाला? तेही गेले, तो माणूसही गेला.

"अर्ध्या शिवणीचा कोट घालून लोकांत जाशील?" ती म्हणाली.

"ताई, माणूस म्हणजे कोट नाही. बापाला साठ वर्षांनी बरं म्हणवून घ्यायची वेळ आलीय आणि तू पुन्हा उसवायला बसतेस."

हे तिला लागलं. तो असं बोलत नसे. तिने कप खाली ठेवला. तिला शिवणघर आठवलं, जमिनीवरचे दोरे आणि मान हलवणारा म्हातारा. त्या दिवशी तिने अर्धवट सोडणारा माणूस म्हटलं तेव्हा ते खरं नव्हतं. आता बारक्या सांगतो तेवढंच सांगितलं तर ते तिच्याबद्दल खरं ठरणार होतं. म्हणजे काम अर्धवट सोडणारी ती ठरणार होती, आणि तेही बाबांच्या नावाने.

"त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं, पण चुकीचं घेतलं," ती म्हणाली. "न केलेली चूक घेतली आणि केलेली लपवली. म्हणून तो बदलीवाला फुकट गेला. निवारा शोधत मेला, आणि लोक म्हणाले, कोनाडा दिसला नाही. त्याला दिसलं होतं. जे दिसलं ते खोटं होतं. हे कोणी बोललंच नाही. आणि बारक्या, या साठ वर्षांत मीसुद्धा एकदा विचारलं नाही, की तो कोण होता. मला आपलं घर गेलं तेवढंच दिसत होतं."

ती उठली, तिकीट घेतलं आणि पुन्हा आत गेली. बारक्या मागून. मुलगी पुढच्या जथ्याची वाट बघत फळीवर बसली होती. उसवबाईने उभ्यानेच तिला उरलेलं सांगितलं, बदलीवाल्याचं. मुलगी ऐकता ऐकता त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, की ती इथे रोज लोकांना पळवते आणि हसवते.

"आता पळव. हसवू नकोस."

मुलीने सांगितलं की ती कचेरीला कळवेल, पण बोर्ड मंजूर मजकुराचा आहे, बदलायला पुरावा लागेल.

"बापाला काढताना त्यांना पुरावा लागला नव्हता," उसवबाई म्हणाली आणि पर्स उघडली. मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर टेबलावरून उठताना ती कायम पर्समध्ये टाकी. ती बोर्डाकडे गेली आणि खालचा स्क्रू फिरवू लागली. बारक्या म्हणाला, ताई, लोक येतायत. ती म्हणाली, दिवा धर. एक स्क्रू निघाला, तिने तो बारक्याच्या तळव्यावर ठेवला. दुसरा अर्धा बाहेर आला.

"आजी, माझी नोकरी जाईल," मुलगी म्हणाली.

उसवबाईचा हात थांबला. तोंडात काही कडक शब्द तयार होते, ते तिने गिळले. इथल्या कारभाराचा राग कोणावर निघतो, हे तिला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने अर्धा निघालेला स्क्रू पुन्हा आवळला. बारक्याच्या हातातला घेऊन तोही बसवला आणि बोर्ड हलत नाही ना, ते हाताने दाबून बघितलं.

"विचारून काढ," ती म्हणाली. "लेखी विचार, वरच्यांना. आमच्या बाबांनी विचारलं नव्हतं. आणि मला आजी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"चुनेवाल्याची मुलगी म्हण."

मुलीने लेखी विचारलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला आलं ते असं, की विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. बोर्ड आहे तिथेच आहे, आणि उसवबाईने आवळलेले स्क्रू घट्ट आहेत.

आता रविवारी शिवणघर बंद असतं. सकाळच्या जथ्यात पिवळी टोपी घातलेली एक म्हातारी असते आणि तिच्या मागे कुरकुरत तिचा भाऊ. तिकीट ती स्वतःचं काढते. ओल्या पट्ट्यात मुलगी दिवे बंद करते, कंदील लावते, लोकांना पळायला सांगते, आणि कोणीतरी त्या पांढऱ्या डागावर जाऊन आपटतं. मग मुलगी बाजूला सरकते. उसवबाई पुढे होते आणि बोर्डावर बोट ठेवून सांगते, की हे लिहिलंय ते चुकीचं आहे. काळं माझ्या बापाने केलं. चांगल्यासाठी केलं. विचारलं नाही, सगळ्यांना सांगितलं नाही, आणि त्याने एक माणूस मेला. मग बापाने तोंड मिटून घेतलं, तीही चूक. ती हे रागानेच सांगते. ऐकणाऱ्याला वाटावं, की आपणच काहीतरी केलंय.

लोक प्रश्न विचारतात. तुमच्या वडिलांचा पगार किती होता, धूर असताना श्वास कसा घ्यायचे. ती उत्तरं देते. कधी कोणी विचारतं, तो मेलेला माणूस कोण होता, कुठला होता, त्याच्या मागे कोणी होतं का.

तेव्हा ती म्हणते, माहीत नाही. आणि तिचा आवाज सगळ्यात जास्त तिथे चढतो.